मॉन्सल ट्रेलवरचा शनिवार

आज इंग्लंडमधल्या बेकवेल गावाजवळून सायकल काढली ती थेट ब्लॅकवेल मिलपर्यंत. साडेआठ मैल, म्हणजे जेमतेम १४ किलोमीटर. मुद्दाम अख्खा दिवस लावला.

मॉन्सल ट्रेल म्हणजे १९६८ मध्ये बंद झालेली रेल्वेलाइन. रूळ गेले, वाट उरली. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, म्हणून पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरातही इथे दम लागत नाही. सत्तरीच्या एक आजी माझ्याशेजारून शांतपणे पुढे गेल्या. किती बरं वाटलं!

हेडस्टोन बोगदा जवळपास अर्धा किलोमीटरचा. आत गारवा, ठिबकणारं पाणी, घंटी वाजवली की लांबवर घुमणारा आवाज. बाहेर पडलो की थेट पुलावर! खाली वाय नदी अशी काही वळते की पाय उतरवावाच लागतो. सायकल कठड्याला टेकवून तासभर तिथेच बसलो. या दरीतून रेल्वे नेण्याला एकोणिसाव्या शतकातल्या जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने कडाडून विरोध केला होता. आज लोक दरीइतक्याच प्रेमाने हा पूलही पाहतात.

परतताना बेकवेलचं गरम पुडिंग खाल्लं, बदामाच्या वासाचं. आई पुढच्या महिन्यात येतेय. तिच्यासाठी तीनचाकी भाड्याने मिळेल का, ते विचारून आलोय.