सुगडांचं टॅटूईन, भाग ३ : घुमट उभे राहिले, मधलं मैदान भरलं

मागच्या भागात प्लायवूडचा तुकडा आणि कोरी सुगडं एवढंच दाखवून थांबलो होतो, आता बरंच काम झालंय म्हणून एकदम लिहितो. नवीन वाचणाऱ्यांसाठी, आम्ही स्टार वॉर्स लीजन खेळतो, म्हणजे स्टार वॉर्स सिनेमांवरचा, छोट्या सैनिकांच्या बाहुल्यांनी (मिनी) टेबलावर खेळायचा युद्धखेळ, २०१८ चा पहिला कोअर बॉक्स, ३३ मिनीवाला. त्यासाठी सिनेमातल्या टॅटूईन या वाळवंटी ग्रहावरचं गाव सुगडांतून बनवतोय. मी बंडखोरांची फौज, मावसभाऊ त्यांच्या विरोधातल्या एम्पायरची. पूर्ण खेळाला ६ बाय ३ फुटाचं टेबल लागतं, ते कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, म्हणून ५०० पॉइंटचा स्कर्मिश, म्हणजे छोटा डाव खेळतो, त्याला ३ बाय ३ फूट पुरतं आणि टिंबर मार्केटमधून आणलेला तुकडा डायनिंग टेबलवर छान बसतो. नियम जुनेच वापरतो, पाठ झालेत.

तर सुगडं. संक्रांतीची पूजा झाली की दरवर्षी आमच्याकडे ती माळ्यावर जातात, या वेळी आईला म्हणलं मला दे, ती म्हणाली, "घे, पण आधी नीट धुऊन घे, आणि एक राहू दे माझ्या मोहरीला." पाच मिळाली. सुगड पालथं घातलं की वरचा गोल भाग म्हणजे हुबेहूब टॅटूईनचा घुमट, आकार आयता मिळतो, थर्माकोल कोरून इतका सुंदर गोल मला कधीच जमला नसता. पालथं घातल्यावर खाली येणारा काठ बाहेर डोकावतो, आधी तो घासून काढायचा विचार होता, मग लक्षात आलं की हेच तर घराचं जोतं आहे! त्यावर लिंपण केलं की झालं.

दार कापताना पहिलं सुगड गेलं. कोरडंच होतं, हॅकसॉ ब्लेड लावलं आणि वरपर्यंत तडा. दुसरं रात्रभर बादलीत भिजत ठेवलं, सकाळी ओलं असतानाच आधी बारीक भोकं पाडून मग कानशीने हळूहळू वाढवत नेलं, ते नीट निघालं आणि पुढची तिन्ही तशीच. दाराची उंची ३८ मिमी ठेवली, मिनी बेससकट शेजारी उभा केला की माणूस वाकून आत जाईल असं वाटतं, मला तेच हवं होतं. कापून झाल्यावर दोन दिवस गच्चीत उन्हात वाळवा, घाई करू नका, मातीत पाणी राहिलं तर वरचा रंग नंतर पोपडे धरतो. आणि भाजलेली माती रंग नुसता पिऊन टाकते, म्हणून आधी पातळ फेविकॉलचा एक हात द्यायचा.

लिंपणासाठी रांगोळी! हे मला या महिन्यात सापडलेलं सगळ्यात भारी. मंडईत मिळते ती साधी पांढरी रांगोळी आणि फेविकॉल, इडलीच्या पिठाइतकं घट्ट कालवायचं आणि जुन्या ब्रशने थापटायचं. नदीची वाळू या स्केलला जाड दिसते, मिनीच्या पायाशी दगडगोटे पसरल्यासारखी, रांगोळीचा कण बरोबर बसतो. मिनींच्या बेसवरही आता तेच लावतोय, त्यामुळे सैनिक आणि जमीन एकाच गावचे वाटतात.

रंगाचा मात्र पुनर्विचार करावा लागला. मी सवयीने दिवाळीच्या किल्ल्यासारखा सगळा मातकट रंग दिला होता, गेरू घालून. मग एका रात्री ट्युनिशियाचे फोटो बघत बसलो. स्टार वॉर्सच्या पहिल्या सिनेमाचं शूटिंग १९७६ मध्ये तिथे झालं, टॅटूईन हे नावसुद्धा तिथल्याच ततावीन गावावरून आलंय. टॅटूईनवरच्या मॉस आयझली शहरासाठी जेरबा बेटावरचं अजीम गाव वापरलं होतं, आणि त्या बेटावरची घरं चुन्याने पांढरी केलेली आहेत, मातकट नाहीत. पांढऱ्यावर धूळ बसून, उन्हाने पिवळट होऊन जो रंग येतो तो हवा. म्हणून सगळं परत, पांढऱ्यात थेंबभर यलो ऑकर, वर पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग), मग जवळजवळ शुद्ध पांढऱ्याचा ड्रायब्रश (कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग). गेरू वाया गेला नाही, कोरडा गेरू मऊ ब्रशने फक्त जोत्याशी आणि दाराच्या उंबऱ्याशी चोळला, वाऱ्याने उडून बसलेली धूळ वाटते. बंडखोरांच्या बुटांवरही तोच.

सैनिकांची प्रगती, १४ पैकी ९ पूर्ण. वाकलेल्या बंदुका गरम पाण्यात बुडवून सरळ केल्या आणि लगेच थंड पाण्यात, सगळ्यांना माहीत असलेलीच युक्ती पण दरवेळी आनंद होतो. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे आता सकाळी सातच्या आत मारतो, मार्चच्या दुपारी पुण्याच्या कोरड्या हवेत रंग मिनीवर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि अंगावर पावडर बसल्यासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात उलट त्रास, दमट हवेत स्प्रे पांढुरका पडतो, म्हणून जूनच्या आत उरलेले सगळे प्रायमर करून ठेवणार.

आता खेळाबद्दल, कारण शेवटी टेरेन, म्हणजे टेबलावरची घरं-भिंती, बघायला नाही, लपायला असतं. चार घुमट मांडून पहिला डाव खेळलो तो मी तिसऱ्याच राउंडमध्ये हरल्यात जमा. घुमट सगळे कडेला होते आणि मधे सपाट वाळवंट. एम्पायरच्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाची बंदूक रेंज ३ म्हणजे १८ इंच मारते, आमचं टेबलच ३६ इंच, मधे उभा राहिलेला कोणीही कुठूनही टिपला जातो. त्यात बंडखोरांचा बचावाचा फासा पांढरा, त्याच्या सहापैकी एका बाजूला ब्लॉक (गोळी अडली) आणि एका बाजूला सर्ज हे खास चिन्ह, सर्जचा ब्लॉक होतो म्हणून निदान दोन तरी, समोरच्याच्या लाल फाशावर सरळ तीन ब्लॉक. म्हणजे बंडखोर कव्हरवरच, आडोशावरच, जगतात. जुन्या नियमात हलकं कव्हर एक हिट (लागलेली गोळी) खातं, जड कव्हर दोन, आणि युनिटमधले (तुकडीतले) निम्मे किंवा जास्त मिनी आडोशाला असतील तरच ते मिळतं. तीन इंची गोल घुमटामागे माझे दोन जण जेमतेम लपायचे, युनिटला कुठून कोन घेऊन बघितलं त्यावर सगळं अवलंबून, आणि प्रत्येक वेळी वाकून एक डोळा मिटून मोजत बसायचं.

उपाय साधा निघाला. एका मिनीचा बेस २७ मिमी, चार जण शेजारी शेजारी म्हणजे जवळपास ११ सेंमी, म्हणून पाच इंच लांब आणि मिनीच्या छातीपर्यंत येतील अशा सहा कुंपणभिंती केल्या, पुठ्ठ्याचे थर चिकटवून वर रांगोळीचं लिंपण. एक भिंत म्हणजे एक अख्खं युनिट, वाद नाही. शिवाय मधल्या मैदानात पाणी काढायची यंत्रं, व्हेपोरेटर, सात उभे केले, संपलेल्या बॉलपेनांच्या नळ्या, शर्टाची बटणं आणि एम-सील, वर करडा रंग. भिंतींना जड कव्हर, व्हेपोरेटरच्या झुंडीला हलकं, हे खेळ सुरू व्हायच्या आधी दोघांनी बोलून ठरवलं.

दुसरा डाव फारच रंगला. ऑर्डरचे टोकन, म्हणजे पुढे कोणतं युनिट खेळणार ते ठरवणाऱ्या चकत्या, आम्ही घरच्या पद्धतीने दोघांचे एकत्रच आजीच्या जुन्या बटव्यातून काढतो, शेवटच्या राउंडला बटव्यात माझं एक आणि त्याची दोन राहिली होती, माझं ट्रूपर युनिट मधल्या भिंतीमागे दोन सप्रेशन (माऱ्याने आलेलं दडपण) घेऊन पॅनिकच्या, घाबरून पळण्याच्या, काठावर, करेज (धीर) फक्त १. माझं टोकन आधी निघालं असतं तर जिंकलो असतो. त्याचं निघालं. पण सहाही राउंड खेळलो, रात्रीचे दीड वाजले, आणि मावसभाऊ जाताना म्हणाला की पुढच्या वेळी बंडखोर मला दे.

आता मोठं काम. सिनेमाचा नायक ल्यूक, त्याच्या घराचा आतला भाग ट्युनिशियातल्याच मतमाता गावातल्या हॉटेल सिदी ड्रिसमध्ये शूट केलाय, तिथली घरं जमिनीत खोल खड्डा खणून त्याच्या भिंतींमध्ये खोल्या कोरलेली असतात. मला बघताक्षणी आमचा जुना सदाशिव पेठेतला वाडाच आठवला, मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, वर आभाळ, फक्त इथे चौक जमिनीखाली. तो करायचाच आहे. त्यासाठी अख्खं टेबल दोन इंच उचलावं लागेल, फ्रिजच्या खोक्यातलं पॅकिंग जपून ठेवलंय. अडलंय ते एवढ्यावर की दोन इंच खोल चौकात उतरणं-चढणं नुसतं अवघड जमीन म्हणून धरायचं की चढाईची वेगळी हालचाल लावायची. पहिल्यात खेळ पळतो, दुसऱ्यात चौकात सापडलेलं युनिट अडकून पडतं आणि वरून गोळ्या खातं. कोणी खड्ड्याचं टेरेन खेळलं असेल तर काय ठरवलं होतं ते सांगा, त्यावर मी जिन्याची रुंदी ठरवतो.