रात्री अडीच वाजता कोणाला उठवायचं

हे मी तुझ्यासाठी लिहितेय, जो कोणी आत्ता अंधारात मोबाईल धरून पडलाय आणि ज्याच्या डोक्यात "संपवून टाकावं एकदाचं" हेच चालू आहे. अगं-तुगं, अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, मी पण तिथे होते म्हणून जवळचं वाटतं.

2021 ची गोष्ट. मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे, एका खोलीत पाच जणी, राज्यसेवेचा अभ्यास. गाव धाराशिव जिल्ह्यात, घरी अण्णा, आई आणि चार एकर कोरडवाहू. त्या वर्षी पूर्व परीक्षा आधीच कितीदा तरी पुढे गेलेली, मग मार्चमध्ये 14 तारखेची परत पुढे ढकलली आणि सगळी पोरं रस्त्यावर उतरली, शेवटी 21 ला पेपर झाला. माझा तिसरा अटेम्प्ट. कट ऑफला थोडक्यात राहिले. घरून आधीच सांगितलेलं की ही शेवटची, मग लग्नाचं बघू. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले.

पण खरं सांगू, निकाल हे कारण असं मला आता वाटत नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून झोप उडालेली, पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच, अभ्यासिकेत एकच पान दोन दोन तास समोर, डबा न उघडता परत. आणि एक विचार यायला लागला की मी नसले तर अण्णांचा खर्च वाचेल, त्यांच्या डोक्यावरचं ओझं जाईल. हा विचार मला इतका खरा वाटायचा, अगदी हिशोब मांडल्यासारखा! नंतर डॉक्टरांनी सांगितलं की "मी घरच्यांवर ओझं आहे" असं वाटणं हे या नैराश्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, आजारात खूप जणांना होतं. तापात अंग भाजतं तसं. तुला पण आत्ता तसंच वाटत असेल तर तो तुझा हिशोब नाहीये रे, तो ताप बोलतोय.

खोलीत परभणीची एक ताई होती, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. एका रात्री अडीचच्या सुमारास ती पाणी प्यायला उठली आणि मला बसलेली बघून म्हणाली, "काय गं, झोपली नाहीस? रडायलीस का?" मी म्हटलं काही नाही. ती गेली नाही. कॉटवर येऊन बसली आणि सरळ विचारलं, "मरायचा विचार करायलीस का तू?"

असं कोणी विचारलंच नव्हतं. सगळे म्हणायचे पॉझिटिव्ह राहा, पुढच्या वेळी निघेल पोस्ट. मला तोंडाने हो म्हणता येईना, म्हणून मोबाईलवर टाइप केलं "हो. रोज." आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. तिने भाषण दिलं नाही. म्हणाली बरं झालं सांगितलंस, आणि चहा ठेवला. मी जी वस्तू जवळ ठेवली होती ती मागून घेतली आणि उजाडेपर्यंत शेजारी बसून राहिली. (लोकांना वाटतं असं थेट विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेलं येईल. नाही येत. मला तर डोक्यावरची पाटी कोणीतरी उतरवून घ्यावी तसं झालं.)

सकाळी ती मला सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. केस पेपर काढला, लाईनीत बसलो. मला सगळ्यात जास्त भीती होती पोलीस केसची, की सरकारी नोकरीच्या तयारीतली पोरगी, नाव लागलं तर संपलं. तू पण याच भीतीने गप्प असशील तर ऐक, मनात असे विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांच्यासाठी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 115 आहे, तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि शिक्षा नाही, उपचार द्यायचे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा धरणारं ते जुनं 309 कलम तर 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता हा नवा फौजदारी कायदा आला त्यात घेतलंच नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही, उलट मळमळ, आणि मी ताईला म्हटलं उपयोग नाही याचा. डॉक्टर आधीच बोललेले की दोन ते चार आठवडे लागतात, मनाने बंद करायच्या नाहीत. साधारण विसाव्या दिवशी मला भूक लागली. एवढंच. मेसमधली मेथीची भाजी होती, अजून आठवते.

अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग "जेवलीस का माय?" इतकंच. दुसऱ्या दिवशी एसटीने दारात हजर, पिशवीत आईने दिलेल्या भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी. ज्यांचं ओझं मी हलकं करणार होते ते.

आणखी एक. रिचर्ड सीडन नावाच्या अमेरिकन संशोधकाने जीव द्यायला निघालेल्या आणि ऐनवेळी अडवलेल्या 515 लोकांचं पुढे काय झालं ते बघितलं, 1978 मध्ये छापलं. लोकांना वाटायचं हे आज नाही तर उद्या करणारच. पण कित्येक वर्षांनीही 90 टक्क्यांहून जास्त लोक जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेलेले. लाट येते, ती खूप मोठी असते, पण ओसरते. मला अजूनही वाईट आठवडे येतात, खोटं नाही बोलणार. फरक इतकाच की आता मी दुसऱ्याच दिवशी कोणालातरी सांगते.

मला पोस्ट मिळाली नाही. लातूरला एका पतसंस्थेत काम करते, संध्याकाळी गल्लीतल्या पोरींना गणित शिकवते.

तुझ्याजवळ ताई नसेल तर 14416 लाव. टेली मानस, सरकारची, फुकट, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत बोलता येतं. माझ्या वेळी ही नव्हती, ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. काय बोलायचं सुचत नसेल तर "मला जगावंसं वाटत नाहीये" एवढंच म्हण. आत्ताच काही करून बसशील असं वाटत असेल तर एकटा थांबू नकोस, शेजारचं दार वाजव, 112 लाव.

माझ्या फोनमध्ये ताईचा नंबर "अअ ताई" म्हणून सेव्ह आहे, म्हणजे यादीत सगळ्यात वर येतो, रात्री शोधावा लागत नाही. तू पण आत्ता, हे वाचता वाचताच, कोणाचा तरी तसा करून ठेव.