आपल्या हातून

मरणाच्या दारातल्या पेशंटबाबत काय योग्य आणि काय अयोग्य, हे मेडिकलच्या मुलांना खरंच कळतं का? मी हा विषय शिकवते म्हटलं की हे हमखास विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

पेपरात कळतं. स्वायत्तता, हित, अपाय न करणं, न्याय ही चार तत्त्वं मुलं घडाघडा म्हणतात. वॉर्डात मात्र दरवर्षी कुणीतरी हुशार विद्यार्थी विचारतोच, "मॅडम, व्हेंटिलेटर लावलाच नाही तर ठीक, पण लावलेला काढला तर पेशंट आपल्या हातून गेला असंच होणार ना?"

'हातून' या शब्दात सगळी अडचण आहे.

नीतिशास्त्र म्हणतं, उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं यांत तत्त्वतः फरक नाही. त्याचा उपयोग नसेल किंवा पेशंटला तो नको असेल, तर दोन्ही तितकंच रास्त. मुलं मान डोलावतात, पण पटत नाही. आणि न पटण्याची किंमत भलत्याच पेशंटला मोजावी लागते. पुढे काढता येणार नाही या धास्तीने डॉक्टर लावायलाच कचरतो, आणि चार दिवसांत सावरला असता असा माणूस संधीलाच मुकतो. त्यापेक्षा घरच्यांशी आधीच बोलावं, की इतके दिवस प्रयत्न करू, अमुक सुधारणा दिसते का बघू, नाही दिसली तर थांबू.

वर्गात मी कॅरन क्विनलनची गोष्ट सांगते. अमेरिकेतली ही मुलगी १९७५ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, बेशुद्ध झाली ती कायमचीच. व्हेंटिलेटर काढावा म्हणून वडील कोर्टात गेले. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, व्हेंटिलेटर निघाला, आणि ती स्वतःच्या श्वासावर १९८५पर्यंत जगली. "काढणं म्हणजे मारणं, तर ही नऊ वर्षं कुठून आली?" असं मी विचारायचे आणि वर्ग गप्प व्हायचा. एकदा एक मुलगा गप्प बसला नाही. "पण ती लगेच गेली असती तर?"

बरोबर होतं त्याचं. माझा युक्तिवाद तिच्या श्वासावर उभा होता. "गेली असती तर आजाराने गेली असती," मी म्हटलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही.

मॉर्फिन या वेदनाशामकाचंही तेच. वेदना आणि धाप बघून, मोजून वाढवलेला डोस मरण ओढून आणत नाही. तरी रात्रपाळीचा इंटर्न हात आखडता घेतो आणि पेशंट पहाटेपर्यंत तळमळतो.

पण मला खरा राग येतो तो एका प्रश्नाचा. "सगळं करायचं ना?" कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या पेशंटच्या मुलीला डॉक्टरने असं विचारलं, तर कोणती मुलगी नाही म्हणेल? 'सगळं' म्हणजे छाती दाबताना मोडणाऱ्या फासळ्या, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात हृदय थांबल्यावर असा माणूस क्वचितच घरी जातो, हेही नाही. निर्णयाचं ओझं तिच्या गळ्यात बांधून आपण मोकळे. मी मुलांना सांगते, आधी बसा. वडिलांना काय माहीत आहे, कशाची भीती वाटते, काय महत्त्वाचं वाटतं ते विचारा. मग डॉक्टर म्हणून आपलं मत स्वतःच्या तोंडाने सांगा. तिने सही केली म्हणजे विषय संपला असं नाही.

वर्गात गप्प न बसलेला तो मुलगा पुढे रेसिडेंट डॉक्टर झाला. एकदा त्याचा फोन आला. "मॅडम, काल व्हेंटिलेटर काढला. वीस मिनिटं लागली. धाप वाढली तसा डोस वाढवला. त्यांचा मुलगा शेवटपर्यंत हात धरून उभा होता." 'हातून' तो म्हणाला नाही, मीही तो शब्द काढला नाही. जरा थांबून म्हणाला, "त्याला आधीच खुर्ची द्यायला हवी होती का?"

हो म्हटलं.