शास्त्रीजींचा सोमवार

१९६५ च्या सप्टेंबरात मी सोलापूरच्या शाळेत पाचवीत होतो. सीमा सोलापूरपासून इतकी दूर, की पाकिस्तानशी चाललेले युद्ध आमच्यापर्यंत पोहोचे ते वर्गातल्या नकाशावरूनच. गुरुजी रेडिओवरच्या बातम्या ऐकून येत आणि हाजी पीर, फिल्लोरा, खेमकरण ही नावे आम्हाला शोधायला लावीत. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण असल्यामुळे लढाईचा बेत जणू आपल्याच घरात ठरतो, अशा थाटात आम्ही पोरे बोलत असू. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. आमच्या घरातला पेच मात्र त्यानंतर सुरू झाला.

पावसाने दगा दिला होता, धान्य अपुरे होते आणि अमेरिकेच्या गव्हावर किती विसंबायचे, हा प्रश्न होता. म्हणून पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी सोमवारची संध्याकाळ ठरली. आता सोमवार हा सोलापुरात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचा. आमची अव्वा, म्हणजे आजी, दिवसभराचा उपास दिवेलागणीनंतर जेवूनच सोडीत असे. “दिवस सिद्धरामाला दिला, रात्र शास्त्रींना दिली, मग मी जेवायचं कधी?” असे तिने विचारले, तेव्हा गिरणीतून नुकतेच आलेले अप्पा टोपी खुंटीला अडकवीत नुसते हसले. शेवटी तोडगा तिनेच काढला. कडक भाकरीचा अंगठ्याएवढा तुकडा शेंगाचटणीला लावून ती तोंडात टाकी, वर तांब्याभर पाणी पिई आणि म्हणे, “सोमवार सुटला, जेवण झालं नाही.”

मंगळवारी प्रार्थनेनंतर गुरुजी विचारीत, “काल रात्री कोण जेवले नाही? हात वर करा.” माझा हात नेहमीच सर्वांच्या आधी वर जाई. एका मंगळवारी तो इतक्या जोरात वर गेला, की सदऱ्याच्या खिशातून शेंगांची टरफले खाली सांडली. गुरुजी काही बोलले नाहीत. फक्त तो आठवडाभर वर्ग झाडण्याचे काम माझ्याकडे आले.

१० जानेवारी १९६६ हाही सोमवारच होता. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, ताश्कंदला करारावर सह्या झालेल्या आणि आमची चूल नेमाप्रमाणे थंड. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रेडिओवर शास्त्रीजी गेल्याची बातमी ऐकली. शाळेत प्रार्थना झाली आणि लगेच सुट्टी जाहीर झाली. हात वर करा, असे त्या मंगळवारी गुरुजी म्हणाले नाहीत.