पाण्याला दार उघडून दिलं ती रात्र

१५ फेब्रुवारी २०२०, शनिवार. व्हॅलेंटाइनचा वीकेंड, त्यामुळे गेस्टहाउस जोडप्यांनी भरलेलं, आणि तिकडे वेल्सच्या डोंगरांवर डेनिस वादळ कोसळत होतं. तिथला पाऊस काही तासांनी इंग्लंडातल्या आमच्या हेरफर्डशरच्या ओढ्यानाल्यांत उतरतो. मी इथे ड्युटी मॅनेजर. मूळचा सांगलीचा. ‘कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली किती फूट?’ हे विचारतच आम्ही लहानाचे मोठे झालो. आदल्याच ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या घराचा खालचा मजला गाळानं भरला, आणि मी इथून फोनवर नुसता ऐकत बसलो होतो.

आमचं गेस्टहाउस म्हणजे जुनी पाणचक्की. तीन मजले. धान्य सगळ्यांत वर चढवायचं, मधल्या मजल्यावरच्या दगडांत दळायचं, खाली पीठ गोळा करायचं, अशी ही रचना. आता वरच्या दोन मजल्यांवर खोल्या आहेत आणि पिठाच्या जागी नाश्त्याची खोली. तिथे लाद्यांची फरशी आहे, गालिचा नाही, आणि विजेचे सॉकेट छातीच्या उंचीवर आहेत. पाहुणे त्याला हौस समजतात.

संध्याकाळी शेजारचे आजोबा रेनकोट घालून आले. त्यांचे वडील या चक्कीवर कामाला होते. मालकीणबाई परगावी होत्या, म्हणून आजोबा माझ्याशीच बोलले. ‘सांडव्याची दारं आत्ताच उचल. एकदा ओंडके यायला लागले की ती हलायची नाहीत.’ आम्ही दोघांनी मिळून चाकाकडे पाणी सोडणारं दार खाली सोडून बंद केलं आणि जादा पाणी बाजूनं काढून देणारा सांडवा पूर्ण मोकळा केला. मग ते म्हणाले, ‘आणि रात्री घराची खालची दोन्ही दारं उघडी टाक.’

हे मला पटायला वेळ लागला नाही. दाराच्या चौकटीत पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, १९४७ आणि १९६० अशा सालांसकट, आणि १९४७ची खूण माझ्या कमरेच्याही वर येते. बाहेर एवढं पाणी उभं असताना आत कोरडं ठेवायचा हट्ट धरला, तर सगळा दाब भिंतीवर येतो. साधारण ६० सेंटिमीटरच्या वर पाणी अडवू नये असं इथले जाणकारही सांगतात.

पटवायचं होतं ते पाहुण्यांना. लंडनहून आलेले एक गृहस्थ जिन्यात उभे राहून म्हणाले, ‘तुम्ही दार उघडं ठेवताय? वाळूच्या पिशव्या कुठे आहेत?’ मी म्हटलं, ‘पिशव्या आहेत. त्या वापरणार नाही.’ त्यांनी गाडीची किल्ली काढली. तेव्हा मात्र मी वाट अडवून उभा राहिलो. गावाकडच्या अरुंद रस्त्यावर ओढा चढला होता, आणि वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला फुटभर पाणी पुरतं. सांगलीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वरचा मजला हीच सुरक्षित जागा होती.

मग सामान हलवायला सुरुवात झाली. जिना अरुंद, म्हणून धान्याची पोती चढवायचा जुना मार्ग वापरला. प्रत्येक मजल्याच्या फळ्यांत दुपाखी झडप असते. खालून पोतं आलं की ती वर ढकलली जाते आणि पोतं गेलं की आपोआप मिटते. आता चाकाऐवजी हातानं ओढायची साखळी आहे. पायजम्यातल्या लोकांनी खुर्च्या, टेबलं, फ्रीजमधलं सगळं वर ओढलं. साखळीवर सगळ्यांत जास्त घाम त्याच लंडनच्या गृहस्थांनी गाळला, हेही सांगायला हवं.

मध्यरात्रीनंतर पाणी आलं. आवाज न करता, फरशीच्या सांध्यांतून. दारातून आलं ते त्यानंतर. मी खालच्या मजल्याची वीज आधीच तोडली होती. एक मुलगी खिडकीतून बॅटरी मारत म्हणाली, ‘एवढं पाणी, आणि चाक का फिरत नाही?’ बऱ्याच जणांना वाटतं की पुरात चाक सुसाट सुटत असेल. पण चाक फिरतं ते पाण्याच्या उताराच्या जोरावर. खालचा प्रवाह तुंबून वरच्याच पातळीला आला की उतार उरत नाही. ती काळोखात बराच वेळ त्या बुडालेल्या चाकाकडे बघत होती.

सकाळी नाश्ता मधल्या, दळायच्या दगडांच्या मजल्यावर. हे दगड फ्रान्सचे, मार्न नदीकाठच्या ला फेर्ते-सू-झुआर इथले, तुकडे जोडून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले, टनभर वजनाचे. त्यांच्या लाकडी झाकणावर आम्ही ताटल्या मांडल्या. गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा आणि ओटची पेज, एवढंच. पुढे हेरफर्ड शहरात वाय नदीनं ६.११ मीटरची पातळी गाठली, तिथल्या नोंदींतली सर्वांत उंच.

आमच्याकडे पाणी १९६०च्या खुणेच्या थोडं खाली थांबलं. मग ते आलं तसं दारांतून निघून गेलं आणि मागे बोटभर गाळ ठेवून गेलं. त्याचा वास थेट सांगलीचा. फावड्यांनी गाळ काढला, भिंती धुतल्या. चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या भिंती उन्हाळ्यापर्यंत आपल्या आपण सुकल्या. दोन दशकांपूर्वी कुणीतरी ऑफिसला जिप्समचा गुळगुळीत गिलावा केला होता. तो मात्र फुगून सुटला आणि सगळा खरवडून काढावा लागला. सुकायला वेळ भरपूर होता. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि पाहुणे यायचेच बंद झाले.

लंडनच्या गृहस्थांनी जाताना बिलावर सूट मागितली, नाश्ता खाली मिळाला नाही म्हणून. मालकीणबाईंनी दिली. मी दिली नसती.