मरून रंगात झिरपलेली शाई

साताऱ्यात चित्रांची आवड असलेली चार माणसे जमली आणि अमूर्त चित्राचा विषय निघाला, की ‘हे तर कोणालाही जमेल’ हे वाक्य हमखास ऐकू येते. औंधच्या श्री भवानी संग्रहालयातील राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांवर ज्यांची नजर घडली, त्यांना अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांच्या ‘ब्लॅक ऑन मरून’ (१९५८) मध्ये काय पाहायचे, हे कळेनासे होणे स्वाभाविक आहे. मला त्याचे उत्तर त्या चित्राच्या दुरुस्तीत सापडले.

न्यूयॉर्कच्या फोर सीझन्स या उंची उपाहारगृहासाठी रॉथको यांनी हाती घेतलेल्या मालिकेतले हे चित्र. १९५९ मध्ये तिथे जेवून आल्यावर त्यांनी ते काम सोडले, घेतलेले पैसे परत केले आणि पुढे मालिकेतील नऊ चित्रे लंडनच्या टेट संग्रहालयाला दिली.

७ ऑक्टोबर २०१२ रोजी टेटच्याच टेट मॉडर्न या कलादालनात एका माणसाने या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काळ्या शाईने काही शब्द लिहिले आणि ती शाई थरांमधून आत झिरपली. रॉथको सरसात रंगद्रव्य कालवून आधी कॅनव्हास रंगवून घेत आणि त्यावर तैलरंग, अंडे, डामर नावाची झाडाची राळ अशा पदार्थांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवीत. प्रत्येक थराचा गुणधर्म निराळा असल्यामुळे शाई विरघळवणारे द्रावक मूळ रंगालाही विरघळवील, ही खरी अडचण होती. रॉथको यांनीच रंगाचा पहिला थर, म्हणजे अस्तर, देऊन ठेवलेला एक कॅनव्हास त्यांच्या कुटुंबीयांनी प्रयोगासाठी दिला आणि चित्रे दुरुस्त करून जपणाऱ्या टेटच्या संवर्धकांनी त्यावर तशीच शाई लावून निरनिराळी द्रावके तपासली. योग्य मिश्रण सापडायला नऊ महिने लागले, शाई काढून चित्र पूर्ववत करायला आणखी नऊ.

ज्या चित्राचा एवढासा कोपरा सावरायला तज्ज्ञांना दीड वर्ष खपावे लागते, ते सहज फासलेले असूच शकत नाही, असे मी ठामपणे म्हणेन. मे २०१४ मध्ये चित्र पुन्हा भिंतीवर लागले. शाईच्या उरलेल्या खुणांवर संवर्धकांनी जो रंग लावला, तो पुढे कधीही काढता येईल असाच निवडला होता. रॉथको यांच्या थरांत आपली भर कायमची मिसळू नये, याची ही काळजी मला या साऱ्या कामात सर्वांत मोलाची वाटते.