सोरपोतेल, शुक्रवार आणि देवाची आज्ञा

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्या वसई पट्ट्यात शुक्रवारी मासळी बाजारातली गर्दी वाढते. मांस वर्ज्य असल्यामुळे त्या दिवशी अनेक ख्रिस्ती घरांत पापलेटाचे कालवण होते, आणि पापलेटाचा भाव पाहता हे प्रायश्चित्त की मेजवानी, असे कोणी विचारलेच तर ‘देवाचा नियम आहे’ एवढे उत्तर मिळते. पापलेटाविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या उत्तराविषयी.

कारण चर्चची धर्मसंहिताच असे म्हणत नाही. 1983 साली लागू झालेल्या या संहितेतील 1249 वे कलम फार काळजीपूर्वक लिहिलेले आहे: प्रायश्चित्त करणे हे सर्व ख्रिस्ती श्रद्धावंतांवर ईश्वरी नियमानेच बंधनकारक आहे आणि ते प्रत्येकाने आपापल्या परीने करायचे आहे, मात्र सर्वांना जोडणारे काही समान आचरण असावे, म्हणून प्रायश्चित्ताचे दिवस ठरवून दिले आहेत. शुक्रवार आणि मांस यांचा उल्लेख त्यानंतर दोन कलमांनी येतो, आणि तिथेही मांसाऐवजी दुसरे एखादे अन्न ठरवण्याची मोकळीक बिशपांच्या परिषदेला आहे. म्हणजे पश्चात्ताप देवाने मागितला. वार आणि पदार्थ माणसांनी ठरवले.

आमच्या आजीच्या पिढीला कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 साली पाण्याला परवानगी मिळाली, 1957 मध्ये हा उपवास तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर. अकरा वर्षांत देवाचे मन तीनदा पालटले, असे कोणीही मानत नाही. चर्चने केलेला नियम चर्चने बदलला, आणि तसा अधिकार तिला होता.

या अधिकाराविरुद्ध बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पुढे करण्याची पद्धत आहे. तेथे येशू परुश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, सुनावतो, की तुम्ही देवाची आज्ञा बाजूला सारता आणि माणसांची परंपरा धरून बसता. पण त्याने दिलेले उदाहरण नीट वाचले पाहिजे. एखाद्याने आपली मिळकत ‘अर्पण’ म्हणून देवाच्या नावे करावी आणि तेच कारण सांगून म्हाताऱ्या आईबापांना काही देऊ नये, अशी ती पळवाट होती. नियम माणसांनी केला हा येशूचा आक्षेप नव्हता. त्या नियमाच्या आडून मातापित्यांचा सन्मान करण्याची आज्ञाच मोडली जात होती, हा होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच येशू, शास्त्री आणि परुशी मोशेच्या आसनावर बसले आहेत तेव्हा ते सांगतील ते पाळा, असेही म्हणतो. चर्चचे सगळेच नियम झुगारायला निघालेली आमच्यातली उत्साही मंडळी हे वाक्य सहसा वाचून दाखवत नाहीत.

मला सर्वांत विचारात टाकणारा प्रसंग मात्र ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता करून मोशेचे संपूर्ण नियमशास्त्र पाळावे काय, यावर येरुशलेमात प्रेषितांची, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांची, सभा भरली आणि सुंतेचे ओझे लादायचे नाही, असा निर्णय झाला. परंतु अंत्युखिया नगरातल्या ख्रिस्ती मंडळीला पाठवलेल्या पत्रात, पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटले असे म्हणून, मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्यास सांगितले आहे. आता नाताळात आमच्याकडे होणारे सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, आठवा. जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलात डुकराचे रक्त पडते, आणि ते खाताना आपण प्रेषितांचा आदेश मोडतो आहोत, असे कोणाच्या मनातही येत नाही. तसे ते येण्याचे कारणही नाही, कारण 1442 साली फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने स्पष्ट केले, की यहुदी आणि यहुदीतर यांना एकत्र नांदता यावे म्हणून तो निर्बंध होता, आणि ते कारण संपल्यावर निर्बंधही संपला. त्याच पत्रातली जारकर्माची मनाई मात्र जशीच्या तशी राहिली. एकाच यादीतील चार गोष्टींपैकी कोणती काळापुरती आणि कोणती कायमची, हे यादी वाचून कळत नाही. ते कोणीतरी ठरवावे लागते, आणि ठरवणारी माणसेच असतात.

ती कशी ठरवतात याचा कोकणाला आलेला अनुभव काही सुखाचा नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736 साली काढलेल्या फर्मानात लग्नातली हळद, अंगणातली तुळस, पुरुषांचे धोतर, एवढेच काय, बिनमिठाचा भात शिजवणे हेसुद्धा ख्रिस्ती लोकांसाठी निषिद्ध ठरवले होते. रोमच्या धर्मप्रसार मंडळाने 1659 सालीच पूर्वेकडील मिशनऱ्यांना बजावले होते, की जे रीतिरिवाज श्रद्धेच्या आणि नीतीच्या उघड विरुद्ध नाहीत त्यांना हात लावू नका. गोव्याचे फर्मान निघाल्यावर तीनच वर्षांनी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. आज आमच्या लग्नांत हळद लागते, उंबराचे पाणीही आणले जाते, आणि त्यामुळे कोणाचा बाप्तिस्मा रद्द झालेला नाही.

हा सगळा विचार आज लग्नाच्या वेळीच खरा उपयोगी पडतो. मुलीने हिंदू मुलगा पसंत केला की घरातले वडीलधारे ‘देवाला हे चालणार नाही’ असे म्हणतात. संहितेप्रमाणे बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाहाला अडसर आहे आणि सूट घेतल्याशिवाय असा विवाह चर्चच्या दृष्टीने वैध ठरत नाही. परंतु तो अडसर चर्चने घातलेला आहे, म्हणूनच बिशप योग्य कारण असल्यास आणि ख्रिस्ती व्यक्तीने आपली श्रद्धा जपण्याचे व मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन दिल्यास सूट देऊ शकतात. याउलट आधीचा वैध विवाह अस्तित्वात असेल, किंवा वधूवर सख्खे भाऊबहीण असतील, तर कोणताही बिशप ती अडचण दूर करू शकत नाही. चर्चने घातलेला अडसर देवाचा नियम म्हणून सांगितला, की मुलगी अर्ज करायला फादरांकडे जातच नाही, ती नोंदणी कार्यालयात जाते. विवाहपूर्व शिबिरात हा फरक तासभर तरी समजावून सांगावा, आणि तोही मुलामुलींबरोबर त्यांच्या आईवडिलांना बसवून.